चारची उपासना

रविवार, २७ मार्च १९६०

“सकाळी देव साहेबांचा असतो, चार वाजता आपला.”

आई हे म्हणाली तेव्हा मी सात वर्षांची असेन. गावदेवीच्या एका बंगल्यामागे आमची खोली होती आणि आई त्या बंगल्यात आया होती. साहेबांच्या छोट्या बाबाचे मोजे ती दोरीवर वाळत घालत होती. देवळाची घंटा वाजली आणि मी विचारलं, सगळे आता जातात तर आपण का नाही? तिने मोज्याचा अंगठा ओढून सरळ केला आणि एवढंच म्हणाली. हे वाक्य मला कधी आवडलं नाही. त्यात हार मानल्यासारखं काहीतरी आहे. आज ते वहीत लिहून ठेवते आहे, कारण आज मी त्याच्याविरुद्ध उभी राहिले.

आमच्या ख्रिस्ती देवळात एकाच छपराखाली दोन मंडळ्या आहेत. सकाळी नऊला इंग्रजी उपासना, दुपारी चारला मराठी. साहेब लोक जाऊन तेरा वर्षं झाली. नऊला आता मोजून पंचवीस माणसं असतात, त्यातली निम्मी घरी मराठीच बोलतात. चारला आम्ही दोनशे. तरी नऊ म्हणजे त्यांची वेळ, घंटा त्यांची. चारला घंटा वाजत नाही. कधीच वाजलेली नाही.

आज उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले की मुंबईसह महाराष्ट्र होणार, एक मे तारीख पेपरात आली आहे, तो रविवारच आहे, तेव्हा चार वाजता उपकारस्तुतीची उपासना ठेवू. मी उठले. मंडळीची चिटणीस मी जानेवारीत झाले, तेही पुरुषांपैकी कुणाला लिहायचा उत्साह नव्हता म्हणून. म्हटलं, “नऊ वाजता का नको? घंटेसकट?”

मग मागून गुणाजी म्हणाले, “घंटेचं बाई बोलल्या ते लिवून घ्या.”

गुणाजी परळच्या गिरणीत आहेत. त्यांचा जयवंत छप्पनच्या जानेवारीत लालबागला गोळी लागून गेला. तेवीस वर्षांचा होता. आम्ही त्याला देवळात आणला तेव्हा दुपारचे चार वाजत होते. गुणाजींनी एक टोला मागितला, एकच. घंटेच्या जिन्याला कुलूप होतं आणि किल्ली मनमोहन चांदेकरांकडे. ते इंग्रजी कमिटीचे चिटणीस. म्हणे दादरला कर्फ्यूत अडकले होते. आम्ही जयवंतला घंटेशिवायच शिवडीच्या कबरस्तानात नेला.

मी उद्याच अर्ज लिहिते.

मंगळवार, २९ मार्च

अर्ज पोस्टाने पाठवला होता. मनमोहनराव पोच द्यायला स्वतः मी शिकवते त्या शाळेत आले. राखाडी कोट, तपकिरी टाय, कोपरावर कोट झिजलेला. एवढ्या उन्हात कोट कशाला घालतात कोण जाणे. फोर्टमधल्या ऑफिसातून जेवणाची सुट्टी सोडून आले असावेत, कारण चेहरा भुकेला दिसत होता. पोच एका ओळीची. पोस्टाने चालली असती.

म्हणाले, “अर्ज ‘मंडळी’तर्फे लिहिलाय. कमिटी विचारेल, चर्च म्हणजे नक्की कोण? इमारत, सभासद, की ट्रस्ट?”

मी म्हटलं, “तुमच्या मते किल्ली ज्याच्याकडे तो.”

ते हसले नाहीत. “नियमात काय बसतं ते बघायला हवं, मिस पाटोळे,” म्हणाले आणि गेले.

मिस पाटोळे. आमच्या शेजारच्याच खोलीत वाढला हा माणूस. त्याची आई शांतामावशी त्याच बंगल्यात दुसऱ्या मुलाची आया. माझ्या वाटणीचे फुटाणे खाल्लेत यांनी. नोकरी लागली, इंग्रजी सुधारलं, आणि एका रविवारी चारची उपासना सोडून नऊला जायला लागले. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच.

दुपारच्या वर्गात फणसवाडीची शकू विचारते, “बाई, चर्च म्हणजे तुमचं देऊळ ना?” (दारातून तिने ऐकलं असणार.) मी म्हटलं, इमारतीला आम्ही देऊळच म्हणतो, आणि तिथे जमणारी माणसं म्हणजे मंडळी. शकू म्हणाली, “आमचे बाबा आईलाच मंडळी म्हणतात.” सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग घरी येईपर्यंत तेच डोक्यात. एक शब्द इमारतीला, एक माणसांना, आणि कमिटीच्या कागदावर तिसरा. तिघांचा पत्ता मात्र एकच.

बुधवार, ६ एप्रिल

परळला गुणाजींच्या खोलीत बुधवारची प्रार्थना. दहा बाय बाराची खोली. वळकट्या भिंतीला लावल्या की सोळा माणसं मांडी घालून बसतात. शेजारची अंबूताई ख्रिस्ती नाही, पण दर बुधवारी उंबरठ्यावर बसून तांदूळ निवडते आणि भजनाला ताल धरते. आज मधेच म्हणाली, “तुमचा तो दुसरा अंतरा गाळू नका हां, माझा आवडता आहे.” गुणाजींनी आज्ञाधारकपणे दुसरा अंतरा परत घेतला.

हेही चर्चच. इथे किल्ली नाही, कुलूप नाही, दारच दिवसभर उघडं.

जिना उतरताना गुणाजींना विचारलं, नऊची वेळ मिळेल असं वाटतं का? म्हणाले, “वेळेचं मला काय नाय बाई. मला घंटा पायजे. पोरगं त्या देवळाचं होतं का नव्हतं, ते त्या दिवशी कोणाला कळलंच नाय.” मग शेवटच्या पायरीवर, “मनमोहनरावांना बोललोय मी. महिन्यातनं एकदा येतात ना ते.”

“कुठे येतात?”

“हितंच. चार वर्सं झाली. बसतात, चा पितात, जातात. बोलत काय नाय जास्ती.”

अपराधी मन, दुसरं काय. पण चार वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नाही, याचा मला उगीच राग आला.

शनिवार, ९ एप्रिल

कमिटीचं उत्तर आलं. “चारची वेळ व घंटेविषयीची पद्धत ही जुन्या ठरावाने बांधलेली आहे.” हेही मनमोहनराव स्वतः घेऊन आले. मी विचारलं, कुठला ठराव? दाखवा. वाद घालतील असं वाटलं होतं, पण त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. “पाळकांच्या खोलीतलं कपाट. लाल पुठ्ठ्याची वही, १९११. अक्षर बारीक आहे, चष्मा बदललात का तुम्ही?” मग दारातून वळून, “एका ठिकाणी थांबू नका. पुढचंही पान बघा.”

माझ्या चष्म्याची यांना काय काळजी. आणि किल्ली अशी देऊन टाकणं म्हणजे हद्दच झाली, कमिटीला कळलं तर यांचंच चिटणीसपद जाईल. निष्काळजी माणूस.

वही सापडली. ऑगस्ट १९११. मी शब्दशः उतरवून घेतलं: “गावदेवी व आसपासच्या बंगल्यांतील आया व इतर नोकर यांना मुले निजवून येता यावे म्हणून मराठी उपासना तूर्त दुपारी चार वाजता ठेवावी. त्या समयी घंटा वाजवू नये.”

तूर्त. एकोणपन्नास वर्षं आम्ही एका ‘तूर्त’ला देवाची आज्ञा समजून बसलो. शेवटची आया कधीच कामावरून उतरली, ती मुलं विलायतेत म्हातारी व्हायला आली असतील, आणि आम्ही मात्र अजून कुणाची तरी झोप मोडू नये म्हणून पाय न वाजवता देवळात शिरतो.

पुढचं पान पाहणार होते. दोन पानं खळीने चिकटलेली दिसली. ओढली असती तर फाटली असती. आणि मला हवं ते मिळालं होतं.

रविवार, १० एप्रिल. झावळ्यांचा रविवार

मंडळीपुढे ‘तूर्त’ वाचून दाखवला. दोन तरुणांनी टाळ्या वाजवल्या, पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं तसे थांबले. दुसरा अर्ज एकमताने मंजूर. फक्त कमळामावशींनी हात वर केला नाही. आमच्यातल्या सगळ्यांत वृद्ध त्या, सत्तरीच्या पुढच्या, त्या काळातल्या एकट्याच उरलेल्या आया. मला वाटलं, झोप लागली असेल.

इथे एक खरं लिहायला हवं. ठराव वाचताना ‘आया’ या शब्दापाशी माझा आवाज खाली गेला. शाळेत नोकरीला लागले तेव्हा अर्जात मी आईचा धंदा ‘परिचारिका’ लिहिला होता. कुणी विचारलं नव्हतं. बावीस वर्षं ते तसंच आहे. नऊची वेळ मला जयवंतसाठी हवी आहे, हे खरं. पण नोकरांच्या वेळेतून सुटायलाही हवी आहे, हेही खरं.

शुक्रवार, १५ एप्रिल. उत्तम शुक्रवार

आजच्या दिवशी दोन्ही मंडळ्या बारा ते तीन एकत्र बसतात. मनमोहनराव माझ्या मागच्या बाकावर. मराठी गीतं ते पुस्तक न उघडता गात होते. आवाज अजून चांगला आहे. मी मागे वळून पाहिलं नाही, पण पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला असता तर मला कळलं असतं.

मंगळवार, १९ एप्रिल

मिळालं.

“विशेष सवलत म्हणून, फक्त रविवार १ मे १९६० या एका दिवसापुरती, सकाळी नऊची वेळ मराठी मंडळीस घंटेसह देण्यात येत आहे.” खाली मनमोहनरावांची सही.

शाळा सुटल्यावर मी जवळजवळ धावतच पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “कालिंदीबाई, तुमच्या आईला आज पाहायला हवं होतं.” मला रडू आलं. गिरगावात दुकानांवर आतापासून पताका लागल्या आहेत, त्या सगळ्या मला आमच्यासाठीच लावल्यासारख्या वाटल्या.

बुधवार, २० एप्रिल

कमळामावशींना बातमी सांगायला गेले. गॅलरीत बसून लसूण सोलत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तू जा नऊला. मी चारलाच येईन.”

“अहो मावशी, चारला त्या दिवशी कुणी नसेल.”

“मग मी असेन.”

मी ठराव पुन्हा समजावला. साहेबांनी नोकरांच्या सोयीने, खरं म्हणजे स्वतःच्या सोयीने, आपल्याला दुपारी ढकललं वगैरे. त्यांनी लसणाची पाकळी खाली ठेवली.

“कुणी ढकललं? कोण म्हणतं ढकललं? शिकलीस ना तू एवढी? अगं, ती वेळ आम्ही मागून घेतली.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. १९११ पर्यंत मराठी उपासनाच नव्हती. नोकरांनी सकाळी यावं, मागच्या दोन बाकांवर बसावं, साहेबांच्या मुलांना सांभाळावं, आणि न कळणारं ऐकावं. एका रविवारी मुलगा रडला म्हणून पाद्रीसाहेबांनी प्रवचन थांबवून आयेला बाहेर काढलं. ती माझी आई. बावीस वर्षांची. ती बाहेर गेली आणि पायरीवर बसून राहिली. उपासना संपल्यावर पाद्रीसाहेब बाहेर आले तर त्यांच्या वाटेतून उठेना.

“अंबिका म्हणाली, आम्हाला आमची वेळ द्या, आमच्या बोलीत द्या, पोरं घेऊन येणार नाही. साहेब म्हणाले, अर्ज करा. आम्ही सात जणींनी केला. दुसरीकडं तिची मडम बोलली, असली आया नको. तीन महिने घरी बसली तुझी आई. मग गावदेवीला लागली.”

“आणि घंटा?” मी विचारलं. “घंटा तर नाहीच दिली ना त्यांनी.”

कमळामावशी हसल्या. समोरचे दोन दात नाहीत त्यांना, तरी ते हसू तरुण होतं. “घंटा आम्हीच नको म्हटली. घंटा झाली की पोरं उठणार, पोरं उठली की बंगल्यावरनं बोलावणं येणार. कशाला हवी? पोरं निजवायची, चपला हातात घ्यायच्या, मागच्या दारानं निघायचं. तो एक तास कुणाचा नव्हता बाय, आमचा होता. तुझी आई म्हणायची ना, चार वाजता देव आपला. पायऱ्या चढताना म्हणायची ती. अशी मान वर करून.”

मी सबंध आयुष्य ते वाक्य चुकीच्या आवाजात ऐकलं.

गुरुवार, २१ एप्रिल

सकाळी शाळेआधी देवळात गेले. ओलं फडकं पानांवर धरून बसले, अर्धा तास. पानं सुटली.

आत अर्ज चिकटवलेला. चार ओळी, कुणा लेखनिकाच्या अक्षरात. चौथी ओळ: “चारच्या समयी घंटा करू नये अशी आम्हा बायकांचीच विनंती आहे. गरज सरल्यावर आम्ही कळवू.” खाली सात अंगठे, शाईचे, प्रत्येकाशेजारी नाव. पहिला अंबिका. आईच्या अंगठ्यावर डबा उघडताना कापल्याची आडवी खूण होती. ठशात ती पांढरी रेघ स्पष्ट आहे. दुसरा कमळाबाई. तिसरा शांता, मनमोहनरावांची आई.

मी माझा अंगठा आईच्या ठशावर ठेवला. माझा मोठा आहे.

गरज सरल्यावर आम्ही कळवू. कुणी कळवलंच नाही. त्या सात जणी म्हाताऱ्या झाल्या, मुलींना वाटलं घंटा नाकारली, मुलांना वाटलं नियम आहे. आणि इतकी वर्षं आम्ही आपल्याच आयांच्या हुशारीचं ओझं अपमान म्हणून वाहिलं.

पानाच्या कडेला पेन्सिलने बारीक खूण होती, अलीकडची. कुणीतरी आधी हे पान उघडून पाहिलं होतं आणि पुन्हा चिकटवून ठेवलं होतं. पाळकसाहेबांना विचारलं, ते म्हणाले मी नाही. कुणी असेल ते असो.

शाळेत जाऊन पहिलं काम हे केलं की हेडबाईंकडून माझा नोकरीचा कागद मागवून घेतला. ‘परिचारिका’वर रेघ मारली आणि वर लिहिलं: आया. हेडबाई म्हणाल्या, “आता बदलून काय फरक पडतो?” मी म्हटलं, “सही कुठे करू?”

रविवार, २४ एप्रिल

उपासनेनंतर अर्ज वाचून दाखवला. या वेळी ‘आया’ हा शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेला. सात नावं वाचली. तिसऱ्या नावापर्यंत बायका उभ्या राहिल्या होत्या, सातव्यापर्यंत सगळे.

मग म्हटलं, सवलत परत करावी असं मला वाटतं. नऊ त्यांचे त्यांना राहू देत. आपली वेळ चार आहे, ती आपण मागून घेतलेली आहे, एका दिवसापुरती सोडायची कशाला?

एक तरुण म्हणाला, “बाई, महिनाभर भांडलात आणि मिळाल्यावर परत?” लोक हसले. हातातोंडाशी आलेलं मी सोडते आहे, आणि गुणाजींना तोंड कसं दाखवणार, हेच मनात.

गुणाजीच उठले. “मी पयल्यापासनं काय म्हणतोय? वेळेचं मला काय नाय. चारलाच वाजवा. माझा पोरगा चारलाच आला होता.”

एकमताने मंजूर. कमळामावशींचा हात सगळ्यांत आधी वर.

इतकी अभिमानाने भरलेली मी कधी घरी आले नव्हते. देऊळ, मंडळी, चर्च, ट्रस्ट, कमिटी कागदावर काय म्हणायचं ते म्हणो. एक बाई पायरीवर बसून राहिली आणि उठली नाही, आमचं चर्च त्या पायरीवर सुरू झालं.

सोमवार, २५ एप्रिल

पत्र लिहिलं. उद्या पोस्टात टाकेन. नको, या वेळी मीच फोर्टमध्ये जाऊन हातात देईन, पोच घ्यायला त्यांची जेवणाची सुट्टी पुन्हा बुडायला नको.

उत्तर काय येणार ते मला ठाऊक आहे. कमिटी म्हणेल, सवलत दिली तर फेकून दिलीत, आता दर रविवारची मागणी कशी? आणि शेवटच्या परिच्छेदाचं उत्तर मला पाठ आहे: “ते नियमात बसत नाही, मिस पाटोळे.” तो परिच्छेद दोनदा खोडला, दोनदा पुन्हा लिहिला. इथे नक्कल ठेवते.

“श्री. मनमोहन चांदेकर, चिटणीस, इंग्रजी उपासना कमिटी, यांस—

एक मे रोजीची नऊची वेळ दिल्याबद्दल आभार. ती मंडळी परत करत आहे. आम्ही आमच्या वेळेला जमू.

१९११ च्या अर्जात चारच्या समयी घंटा नको ही अट आमच्या सात बायकांनी स्वतः घातली होती, व गरज सरल्यावर कळवू असे लिहिले होते. कळवायचे राहून गेले. त्यांच्यातर्फे आज कळवीत आहोत. मुले आता उठली तरी चालेल. तरी रविवार १ मेपासून दर रविवारी चार वाजता घंटा व्हावी. त्या दिवशीचा पहिला टोला जयवंत गुणाजी याच्यासाठी असेल.

यापुढचे कमिटीसाठी नाही, आपल्यासाठी आहे. अर्जावरचा तिसरा अंगठा शांतामावशींचा आहे, हे आपल्याला माहीत नसावे म्हणून कळवते. १ मे रोजी घंटेचा दोर आपण स्वतः ओढावा. आणि ओढून झाल्यावर जिन्याला कुलूप न लावता, कोट काढून, चारच्या उपासनेला आत यावं. माझ्या बाकावर जागा ठेवते.”